कढ आणि कड: डीबीटीच्या एका वर्षाबद्दल

डीबीटी या मानसोपचाराचा वर्षभराचा कार्यक्रम संपवून मला आता पाच महिने झालेत. संपल्या संपल्याच लिहिणार होते, पण तेव्हा मी इतकी भारावलेली होते की नुसतं कौतुकच झालं असतं. पाच महिन्यांत काय अंगी मुरलं आणि काय गळून गेलं ते कळलंय, म्हणून आता लिहिते. कुठल्या केंद्रात गेले ते सांगणार नाही. मला सांगायचंय ते या उपचाराबद्दल, तो कसा चालतो, कुठे खुपतो आणि कुणी त्याच्या वाटेला जावं याबद्दल.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एका जातीचं आहे का ते तुम्हाला ताडता येईल. मी शाळेत गणित शिकवते. वर्गात शांत असते. घरी आल्यावर मात्र ताईने तासभर मेसेजला उत्तर दिलं नाही की पोटात गोळा यायचा. दोन तासांनी माझी खात्रीच व्हायची, हिने मला तोडलं. एका संध्याकाळी मी तिला 31 मेसेज पाठवले. पहिल्यात ‘कामात आहेस का?’ असं होतं. शेवटच्यात काय होतं ते मला इथे लिहवत नाही. ती तेव्हा दवाखान्यात सासूबाईंच्या उशाशी बसली होती आणि फोन पर्समध्ये होता. हे कळल्यावर मला स्वतःची इतकी शिसारी आली की रात्री मी स्वतःला इजा करून घेतली. ती पहिली वेळ नव्हती. माझ्या फाइलवर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असं लिहिलंय.

(तुमचा जीव आज, आत्ताच नकोसा झाला असेल तर हे वाचत बसू नका. जवळच्या माणसाला उठवा, तातडीची मदत घ्या. डीबीटी नंतरही करता येते.)

डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. मराठीत ‘द्वंद्वात्मक वर्तन उपचार’ असं भारदस्त नाव होतं खरं, पण आमच्या ग्रुपमध्ये ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ती घडवली. सतत मरणाचे विचार असणाऱ्या बायकांवर त्या आधी नेहमीची, वागणं बदलायला लावणारी थेरपी करून बघत होत्या. त्या बायकांना वाटायचं, म्हणजे चूक आमचीच. मग त्यांनी नुसतं समजून घ्यायचं ठरवलं, तर बायका म्हणायच्या, म्हणजे आमचं हे असंच चालू राहणार! शेवटी दोन्ही एकत्र आलं. तू आत्ता जशी आहेस त्याला कारणं आहेत, हे पूर्ण मान्य. आणि तरीही बदलावं लागेल, हेही तितकंच खरं. ही पद्धत पारखणारा त्यांचा पहिला मोठा अभ्यास 1991 साली छापून आला.

मला यातलं सगळ्यात जवळचं वाटलं ते वेगळंच. 1961 साली, सतराव्या वर्षी, लिनेहान स्वतः अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग या मनोरुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला इजा करून घेत होत्या. हे त्यांनी पुढे 2011 मध्ये त्याच रुग्णालयात उभं राहून जाहीरपणे सांगितलं. माझ्या थेरपिस्टनी तिसऱ्या-चौथ्या भेटीत मला हे सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा पाठ टेकवून बसले. आपल्यासारख्याच कुणीतरी, त्यातून बाहेर येऊन, मागच्यांसाठी वाट करून ठेवलीय.

आता कार्यक्रमात काय काय मिळतं ते. आठवड्यातून एकदा थेरपिस्टबरोबर एकटीची भेट. आठवड्यातून एकदा अडीच तासांचा स्किल्स ग्रुप. मधल्या दिवसांत गरज पडली तर थेरपिस्टला फोन. आणि आपल्याला न दिसणारी चौथी गोष्ट, थेरपिस्ट मंडळींची आपापसातली दर आठवड्याची बैठक, जिथे ते एकमेकांना सावरतात. स्किल्सचे चार भाग असतात: माइंडफुलनेस (म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देणं), कळ सोसायला शिकणं, भावना हाताळणं आणि माणसांशी वागणं. एक फेरी साधारण 24 आठवड्यांची, आणि तीच पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीला मी नाक मुरडलं होतं. दहावा-बारावा आठवडा येईतो पटलं की पहिल्या फेरीत मी फक्त टिपणं काढली होती.

हे चारही खांब असणं का महत्त्वाचं, ते मी पैसे आणि आठ महिने घालवून शिकले. आधी मी ज्या ठिकाणी जात होते तिथे ‘आम्ही डीबीटी करतो’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात गप्पा व्हायच्या आणि निघताना एक-दोन कागदांच्या झेरॉक्स हातात मिळायच्या. ग्रुप नव्हता, फोन नव्हता, मागच्या कागदाचं काय केलं हे विचारणारं कुणी नव्हतं. 2015 मध्ये लिनेहान आणि सहकाऱ्यांचा 99 बायकांवरचा एक अभ्यास आला. त्यात डीबीटीचे भाग सुटे करून पाहिले होते. मरणाचे प्रयत्न सगळ्याच गटांत कमी झाले, पण स्वतःला इजा करणं आटोक्यात यायला स्किल्सचं शिक्षण नसलेली थेरपी कमी पडली. म्हणून नाव नोंदवण्याआधी सरळ विचारा: ग्रुप आहे का, दोन भेटींच्या मध्ये फोन करता येतो का, डायरी कार्ड, म्हणजे भावनांची रोजची नोंद, भरून घेता का, तुमची टीम आहे का? या प्रश्नांवर जो माणूस गुळमुळीत बोलेल तिथून उठा.

ग्रुप म्हणजे गोल बसून आपापली कर्मकहाणी सांगायची, अशी माझी धास्ती होती. तसं काही नसतं. तो चक्क वर्ग असतो. सुरुवातीला घंटेचा एक टोल, दोन-तीन मिनिटं माइंडफुलनेस, मग गृहपाठ, मधली सुट्टी, मग नवं स्किल. शिकवायला दोघं असतात, एक शिकवतो आणि दुसरा आमच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवतो. कुणी स्वतःला काय केलं याचं वर्णन तिथे करायचं नाही, असा नियम आहे. शिक्षिका म्हणून मला ही शिस्त फार आवडली. आपल्याला लहानपणी कुणी शिकवलं नाही ते आता कुणीतरी फळ्यावर लिहून शिकवतंय, यात केवढा आधार आहे!

डायरी कार्डाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बरीच मंडळी इथेच कंटाळून सोडतात. ए-फोरचा एक कागद. डावीकडे वार, पुढे रकाने: दुःख, लाज, राग, भीती, इजा करण्याची ओढ, झोप, औषधं. प्रत्येकाला 0 ते 5. रोज रात्री भरायचं. शेवटच्या रकान्यात स्किल्सचा आकडा, 0 ते 7. तो आकडा मला सबंध कार्यक्रमातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. 0 म्हणजे आठवलंही नाही. 1 म्हणजे आठवलं, वापरलं नाही, वापरायचं नव्हतंच. 2 म्हणजे वापरायचं होतं पण वापरलं नाही. 3, प्रयत्न केला, जमलं नाही. 4, जमलं, उपयोग झाला नाही. 5, जमलं आणि उपयोग झाला. 6 आणि 7 म्हणजे प्रयत्न न करताच आपोआप वापरलं गेलं, सहात उपयोग नाही, सातात उपयोग झाला. पहिले दोन महिने माझ्या कार्डावर एकाची रांग लागली होती. ‘वापरायचं नव्हतंच’ हेही कागदावर मांडता येतं आणि समोरची बाई त्यावर रागावत नाही, याने मला बांधून ठेवलं.

आणि आकड्यांची मला सवयच आहे. सातव्या आठवड्यात सगळी कार्डं जमिनीवर मांडून बसले तर लख्ख दिसलं, रागाचे जवळजवळ सगळे पाच हे पाच तासांपेक्षा कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशीचे होते. इतकी वर्षं मी त्याला स्वभाव म्हणत होते.

आता चेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे जे घडलं त्याच्या आधीची साखळी कडी-कडीने मागे शोधत जाणं. हा भाग कडू आहे, आधीच सांगून ठेवते. एका संध्याकाळी मी मुलाच्या वहीची चार पानं टराटरा फाडली. तो बाथरूमची कडी लावून आत बसला. मी भेटीत जाऊन रडत म्हटलं, “माझं डोकंच फिरलं हो.” थेरपिस्टनी मान हलवली, फळ्यापाशी गेल्या, उजव्या टोकाला लिहिलं ‘पानं फाडली’ आणि विचारलं, “त्याच्या आधी?” मी म्हटलं, तो उलट बोलला. “काय शब्द होते?” ‘तू नेहमी अशीच करतेस.’ “ते ऐकल्यावर अंगात कुठे काय झालं?” घसा आवळला. “मनात कुठलं वाक्य आलं?” इथे मी बराच वेळ गप्प राहिले. वाक्य होतं, ‘ह्यालाही मी नकोशी.’ फळ्यावर साखळी डावीकडे डावीकडे सरकत राहिली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आदल्या रात्री झोप साडेचार तास. स्टाफरूममध्ये एक सहकारी माझ्याशी न बोलता निघून गेली होती आणि मी दिवसभर ते मनातल्या मनात चघळत होते. पन्नास मिनिटं गेली. मग त्यांनी ‘नकोशी’ या शब्दाभोवती गोल केला आणि म्हणाल्या, “इथे राग नाहीये. इथे धास्ती आहे. राग तिच्या पाठीमागून आलाय.”

त्यानंतर साखळी कुठे कुठे तुटू शकली असती ते शोधलं, तीन जागा सापडल्या. आणि शेवटी भरपाई. नुसतं ‘सॉरी’ चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, जे मोडलं ते सांधायचं. त्या रात्री मी आणि मुलगा जमिनीवर बसून चिकटपट्टीने पानं जोडत होतो. तो कडा जुळवून धरायचा, मी पट्टी लावायची. एका पानावर त्याचा अपूर्णांक चुकला होता, तो मी मुद्दाम दुरुस्त केला नाही.

याच भेटीपासून मी शब्दांच्या मागे लागले. भावनेला नेमकं नाव देणं हा डीबीटीचा पायाच आहे. पण ग्रुपमध्ये मिळालेले सगळे कागद इंग्रजीत होते, आणि माझी मोठी तक्रार हीच आहे. परक्या भाषेतल्या भावना मी पाठ करू शकते, मला त्या होत नाहीत. मग मी समासात मराठी लिहायला लागले. राग म्हणून एकच रकाना होता, पण चीड वेगळी, वैताग वेगळा, त्रागा वेगळा, रुसवा तर अगदीच वेगळा. रुसव्यात समोरच्याने जवळ यावं अशी आशा असते, संतापात ती नसते. ताईला पाठवलेल्या त्या 31 मेसेजांतले पहिले वीस रुसव्याचे होते. दुःखाच्या रकान्यात मी हुरहूर, रुखरुख, हिरमोड अशा फोडी केल्या. तगमग कुठे घालावी हे कळेना, म्हणून तिला स्वतंत्र रकाना आखला. थेरपिस्टनी तो रकाना पाहिला आणि पुढच्या आठवड्यापासून ‘तगमग किती?’ असंच विचारायला लागल्या.

कळ सोसण्याच्या भागाला तर मराठीत आयता शब्द आहे: कड काढणं. आजारपणाच्या रात्रीची आपण जशी कशीबशी कड काढतो, तशीच भावनेची. रडण्याचा कढ येतो, चढतो आणि काही मिनिटांत ओसरू लागतो. तो चढत असताना आपण काही भलतं करून बसलो नाही, तर पुढचं निस्तरावं लागत नाही. प्रश्न सुटत नाही, तो उद्याही असतोच. पण त्यात आणखी एका नव्या प्रश्नाची भर पडत नाही. ग्रुपमध्ये मी हा शब्द सांगितला तेव्हा शेजारची एक मुलगी वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून घेत होती.

कड काढायच्या युक्त्यांत मला सगळ्यात कामी आली ती थंड पाण्याची. पसरट भांड्यात गार पाणी घ्यायचं, वाकून श्वास रोखायचा आणि डोळे-गालांचा भाग तीसेक सेकंद पाण्यात ठेवायचा. पाणी फार बर्फाळ नको, 10 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये असं शिकवतात. चेहऱ्याला गारवा आणि सोबत रोखलेला श्वास, एवढ्याने शरीराला वाटतं आपण बुडी मारलीय, आणि हृदयाचे ठोके मंदावतात. सस्तन प्राण्यांत ही सोय जन्मजातच असते. मात्र हृदयाचा त्रास, ठोके मंद करणारी औषधं किंवा खाण्याशी संबंधित आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. पहिल्या वेळी मी सतरा आकडे मोजून बाहेर आले. केसांतून पाणी गळत होतं, छातीतली धडधड उतरली होती, आणि मला चक्क बाहेरून गाडी गेल्याचा आवाज ऐकू आला. कढ आलेला असताना मला बाहेरचं कधीच काही ऐकू येत नाही. त्यानंतर सावकाश श्वास, आत घेताना पाच आकडे, सोडताना सात. तीस सेकंदांनी आयुष्य बदलत नाही. पण फोन उचलायचा की नाही, हे ठरवण्याइतकी मी माझ्या ताब्यात येते.

फोनबद्दलही एक गाठ आहे, जी सुटायला मला वेळ लागला. थेरपिस्टना फोन कधी करायचा, तर स्वतःला काही करून घेण्याच्या आधी. एकदा इजा केली की पुढचे चोवीस तास फोन बंद. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच दार लावून घेणार? मी दोन भेटी याच विषयावर भांडले. त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही पडल्यावर मी धावत आले, तर मला बोलवायला तुम्हाला पडावं लागेल. मला तुम्ही तोल जात असताना हव्या आहात.” मी तरीही फुरंगटूनच निघाले. पण त्यानंतर तीन आठवड्यांनी, रात्री साडेनऊला, हात थरथरत असताना मी पहिला फोन केला, काहीही करण्याच्या आधी. मला सगळी हकीकत सांगायची होती. त्यांनी विचारलं, “आत्तापर्यंत काय काय करून बघितलंत?” काहीच नाही. “मग पाणी घ्या. मी धरून आहे.” सात मिनिटांत फोन संपला. हकीकत सांगायची राहूनच गेली, आणि सकाळी आठवली तेव्हा ती सांगण्यासारखी वाटली नाही.

बाकी स्किल्सचं थोडक्यात सांगते. उलट कृती म्हणजे भावना जे करायला लावते त्याच्या नेमकं उलट करायचं, पण ती भावना परिस्थितीला धरून नसेल तरच. खरोखर धोका असेल तर भीतीचं ऐकायचं आणि पळायचं. ही अट लोक विसरतात आणि मग रडू दाबण्याला उलट कृती म्हणतात. लाज वाटली की मी आठ-आठ दिवस तोंड लपवायचे. आता ताईशी वाकडं बोलले तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्याकडे जाते. मागणी कशी करायची याचंही स्किल आहे, आद्याक्षरांचं, ती अक्षरं माझ्या कधीच लक्षात राहिली नाहीत. पण त्यातून मी मुख्याध्यापकांना सांगायची चार वाक्यं लिहून काढली: तीन आठवडे सलग पाच तास लागताहेत, शेवटच्या तासाला मी थकलेली असते, एक तास सकाळी हलवा, मुलांकडे नीट लक्ष देता येईल. तास हलला. ‘रॅडिकल अ‍ॅक्सेप्टन्स’, म्हणजे जे आहे ते आहे असं पुरतं मान्य करणं, मला अजून जमत नाही. वडिलांच्या बाबतीत तर नाहीच. त्यासाठी हात उताणे ठेवून बसायचा सराव देतात. मी बसते, आणि कधीकधी मुठी आपोआप वळतात.

उणिवा. भाषेचं वर आलंच. लागोपाठ चार भेटी चुकल्या तर कार्यक्रमातून बाहेर, हा नियम कडक आहे. आमच्यातला एक जण त्यात गेला आणि मला अजून त्याची आठवण येते. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन दुपारी काढणं सोपं नाही. वर्षानंतर पुढे काय, याचं उत्तर आमच्या केंद्राकडे धड नव्हतं. आणि डीबीटी हीच एक वाट आहे असं कुणी सांगितलं तर मानू नका. 2009 साली कॅनडातल्या 180 जणांच्या अभ्यासात डीबीटी आणि नीट, मन लावून केलेले मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार, दोघांचा गुण सारखाच आला होता. तुमच्या जवळपास पूर्ण कार्यक्रम नसेल तर खचू नका. नियमित, आपल्याला ओळखणारा, टिकून राहणारा डॉक्टर हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

तरी मला विचाराल तर ज्यांच्या भावना झटकन भडकतात, उंच चढतात आणि उतरायला दिवस लावतात, त्यांनी हा कार्यक्रम करावाच असं मी म्हणेन. माझ्या भावना अजूनही तितक्याच जोरात येतात. त्या कमी व्हाव्यात ही आशा मी कधीतरी मधल्या महिन्यांत सोडली, आणि त्याचं आता दुःख नाही. मुलाने बक्षीस घेऊन दारातूनच “आई!” अशी हाक मारली की जो आनंद होतो, तोही त्याच जोरात येतो.

कार्ड मी अजून भरते, रोज नाही, आठवड्यातून चार-पाच दिवस. मागच्या गुरुवारी ताईने सकाळच्या मेसेजला रात्रीपर्यंत उत्तर दिलं नाही. रात्री कार्ड भरायला बसले तेव्हा लक्षात आलं की संध्याकाळी कधीतरी मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आले होते आणि मुलाबरोबर भूमितीच्या आकृत्या काढत बसले होते. ठरवून केलं नव्हतं. तगमग 3, भीती 2. शेवटच्या रकान्यात मी 7 लिहिलं. शुक्रवारच्या ओळीत त्याच रकान्यात 2 आहे.